बेरिंगच्या सामुद्रधुनीतली खंडेनवमी

माझ्या उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला एक पेर कमी आहे. लोक हात मिळवताना आधी तेच बघतात, म्हणून मीही आधी तेच सांगून टाकते. चौदाव्या वर्षी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वडिलांच्या लेथवर ते गेलं. वडील मटकन खाली बसले. त्यांच्याकडं कामाला असलेल्या बापू चौगुल्यांनी मला उचलून दवाखान्यात नेलं आणि वाटेत म्हणाले, "रडू नको पोरी. मशीननं नैवेद्य घेतला. आता ती तुझी आणि तू तिची." त्यानंतर सगळं उद्यमनगर मला 'पावणेदहा' म्हणायला लागलं. मला कधी राग आला नाही. राग यायला दुसरी बरीच कारणं होती आणि मी मुळात तापटच आहे.

मी कालिंदी सुतार. 'पारख' नावाच्या यंत्राची प्रमुख होते. यंत्रामागचं डोकं मुंबईच्या डॉ. अभ्यंकरांचं, हात माझे आणि बापूंचे. हो, तेच बापू. वडील गेल्यावर मी त्यांना माझ्या प्रयोगशाळेत घेऊन आले. त्रेसष्ट वर्षांचे झाले तरी निवृत्तीचा विषय काढला की त्यांना ऐकू येत नसे.

अमेरिका आणि रशिया यांनी आपापले दीड-दीड हजार अणुबॉम्ब मोडायचं ठरवलं होतं. ठरवायला काय जातंय? मोडायला आणलेला बॉम्ब खरा कशावरून? आत भंगार भरून वर पत्रा चढवला आणि खरा माल मागं दडवून ठेवला तर? उघडून दाखव म्हणावं, तर मालक म्हणणार, आतली रचना माझं गुपित. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती न उघडता आत खरोखर सव्वा लाख आहेत हे समोरच्याला पटवायचं. पारख येईपर्यंत हे घोडं इथंच अडलेलं होतं.

पारखची युक्ती सांगते. अंगणात छापानं रांगोळी काढली, की भोकं असतील तिथं पांढरं होतं, बाकी जमीन तशीच राहते. आता बरोबर उलटा छाप घ्या. आधी भोक होतं तिथं बंद, बंद होतं तिथं भोक. त्याच जागेवर पुन्हा रांगोळी घाला. सगळा तुकडा एकसारखा पांढरा होतो. नक्षी कुठली होती ते कुणालाच कळत नाही, पण दोन्ही छाप एकमेकांचे जोडीदार होते एवढं पक्कं कळतं.

रांगोळीच्या जागी आम्ही न्यूट्रॉन वापरले. दोन्ही देशांचा एकेक बॉम्ब, तैनात क्षेपणास्त्रावरून सगळ्यांदेखत उतरवलेला, यंत्रासमोर ठेवून त्याचा उलटा छाप यंत्रात भरून घेतला. मग मोडायला येणाऱ्या प्रत्येक बॉम्बमधून न्यूट्रॉनचा झोत सोडायचा. पलीकडं एक मोठी पांढरी फळी. तिच्यावर जाड, सच्छिद्र अस्तर. त्यात न्यूट्रॉन मंदावतात आणि मागं ते चौकोनाचौकोनानं मोजले जातात. बॉम्ब खरा असेल तर छापावर छाप बसतो, चित्र कोरं येतं आणि हिरवा दिवा लागतो. एका कोपऱ्यात एक टक्क्याचा डाग पडला तरी लाल. तो डाग बघायची परवानगी मात्र कुणालाच नाही, आम्हालाही नाही. कारण डागातून गुपित बाहेर पडू शकतं.

हे यंत्र आम्ही एका भारतीय जहाजावर बसवलं आणि जहाज बेरिंगच्या सामुद्रधुनीत नांगरलं. तिथं चार किलोमीटरच्या अंतरावर दोन बेटं आहेत. एक रशियाचं, एक अमेरिकेचं, आणि मधून वाराची रेषा जाते. इकडं रविवार असेल तर तिकडं सोमवार. खंडेनवमीच्या दिवशी बापू डोकं खाजवत म्हणाले, "त्या बेटावर दसरा उजाडला बघ. आपण नेमकी कुठली तिथी धरायची?"

"आपण कोल्हापूरची धरायची," मी म्हणाले.

तोवर एकेचाळीस बॉम्ब तपासून झाले होते. एकेचाळीस हिरवे दिवे. त्या दिवशी आठवड्याची सफाई होती. फळीवरचं झाकण दोन्ही देशांच्या पहारेकऱ्यांसमोर उघडलं होतं. उद्यमनगरात खंडेनवमीला एकही मशीन पूजेवाचून राहत नाही. लेथ, ड्रिल, साधी कानसदेखील. मी आईनं दिलेला कुंकवाचा करंडा काढला. आई अजून घरी कुंकू करते, सांगलीच्या हळकुंडांचं. बापूंनी नारळ वाढवला आणि म्हणाले, "चौकटीला लाव गं. फळीला नको."

"कपाळ सोडून कुणी खांद्याला कुंकू लावतं का, बापू?"

आणि मी ओल्या कुंकवाची पाच बोटं फळीवर ओढली. हात जोडले. मग फळीवर काही राहू द्यायचं नाही हा नियम आठवला, म्हणून लगेच ओल्या फडक्यानं सगळं स्वच्छ पुसलं. फळी पुन्हा पांढरीशुभ्र. दोन्ही पहारेकऱ्यांनी खोबरं खाल्लं, झाकण बंद झालं, सीलं लागली.

दुसऱ्या दिवशी बेचाळिसावा बॉम्ब आला. रशियाचा. दिवा लाल लागला.

अमेरिकेच्या प्रतिनिधी मिसेस व्हिटेकर पायघोळ कोटातल्या, सडपातळ, शांत बाई होत्या. त्या दिव्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, "म्हणजे सुरू झालं तर." रशियाचे ॲडमिरल ग्रोमिन यांचा आवाज मुळात घंटेएवढा, ते टेबलावर हात आपटून म्हणाले, "आमचा बॉम्ब खरा आहे!"

"मग उघडून दाखवा."

"तुम्ही तुमचा उघडाल?"

करारात लिहिलं होतं की लाल दिव्याचं कारण अठ्ठेचाळीस तासांत सिद्ध झालं नाही तर करार रद्द. लाल ठरलेला बॉम्ब कारण कळल्याशिवाय पुन्हा यंत्रासमोर ठेवायचा नाही. संध्याकाळपर्यंत बातमी जगभर गेली. दोन्ही देशांनी कोठारांतून बाहेर काढायला घेतलेले बॉम्ब जागच्या जागी थांबवले. दुसऱ्या दिवशी सकाळी सामुद्रधुनीच्या दोन्ही टोकांना युद्धनौका दिसायला लागल्या. डोळ्यांदेखत चाळीस वर्षं मागं जात होतो आम्ही.

मी यंत्राची प्रत्येक तार तपासली. रोजची एकूण मोजणी बघितली. ठीक होती. एखाद्या चौकोनात एक टक्का कमी पडला तर एकूण बेरजेत तो दिसत नाही, हे मला माहीत होतं, पण कमी पडेल कशानं? माझं डोकं चालेना. वैतागून जेवणाच्या मजल्यावर गेले. तिथं बापू आणि जहाजाचा स्वयंपाकी कॅरम खेळत होते.

"जग बुडायला लागलंय आणि तुम्हाला कॅरम सुचतोय?" मी ओरडले.

"मग काय करू? नुसतं बसवत नाही," बापू म्हणाले आणि त्यांनी बोर्डावर बोरिक पावडर शिंपडली.

ती पावडर बघत मी तिथंच उभी राहिले. जहाजावर आल्या दिवशी मीच हुकूम काढला होता की कॅरम यंत्राच्या मजल्यावर आणायचा नाही. कारण बोरिक पावडरीत बोरॉन असतं, आणि बोरॉन मंदावलेले न्यूट्रॉन गिळून टाकतं. अणुभट्टी विझवायलाही तेच वापरतात. म्हणून बोर्ड वर, यंत्र खाली, मध्ये दोन मजले.

आणि माझी आई हळकुंडांना लिंबाचा रस लावते, तुरटी लावते, आणि रंग लाल व्हावा म्हणून टाकणखार घालते. टाकणखार म्हणजे बोरॉनचाच क्षार. पाण्यात विरघळतो.

"बापू," मी म्हणाले, "रंग पुसला गेला. खार अस्तरात मुरला."

बापूंचा स्ट्रायकर हातातच राहिला. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ते म्हणाले, "आई अंबाबाई. काय करून बसलो गं आपण."

"आपण नाही. मी."

डॉ. अभ्यंकरांना फोन लावला. सव्वीस वर्षं त्यांनी या यंत्रासाठी घातली होती. मला पहिली नोकरी त्यांनी दिली, इंग्रजीत निबंध लिहायला त्यांनी शिकवलं, माझं लग्न मोडलं तेव्हा त्यांच्या बायकोनं मला महिनाभर घरी ठेवून घेतलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कालिंदी, हे कुणाला बोललीस?"

"बापूंना फक्त."

"मग ऐक. वीजपुरवठ्यात चढउतार झाला असं लिही. देखभाल म्हणून अस्तर बदल. बॉम्ब पुन्हा ठेव, हिरवा लागेल."

"त्यांनी तपासलं तर?"

"नाही तपासणार. दोघांनाही यातून बाहेर पडायला वाट हवीच आहे. तू ती दे."

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. किती सोपं होतं! कागदावर दोन ओळी, आणि माणसं सुटली असती. पहारेकऱ्यांना तर कुंकू आठवणारही नव्हतं.

"सर," मी म्हणाले, "आज वीज म्हटलं की आज सुटू. पण उद्या कुणी खरोखर भंगार आणलं आणि दिवा लाल लागला, तर तोही म्हणेल वीज गेली होती. मग लाल दिव्याला काय किंमत राहिली?"

"आणि कुंकू म्हणालीस तर जग हसेल. आपण त्यांचा करार गांभीर्यानं घेतला नाही म्हणतील. कबुली दिलीस की करारानुसार तू कायमची बाहेर. हे तरी कळतंय का तुला?"

"कळतंय. हसू दे त्यांना. एकमेकांवर नौका रोखण्यापेक्षा हसलेलं बरं."

"माझा विचार नाही केलास."

हे लागलं. फार लागलं. "केला सर," मी म्हणाले, "म्हणून तर आधी तुम्हाला फोन केला." त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर दोन वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत.

फोन ठेवला तर दारात बापू. "माझं नाव घाल," म्हणाले. "मी म्हातारा झालो. घरी जाऊन नातवंडं खेळवीन. तू अजून दहा वर्षं काम करशील."

"बापू, गप बसा."

"तुझं बोट गेलं तेव्हा मशीन मीच चालू ठेवली होती. तुझ्या बापाला कधी सांगितलं नाही."

अडतीस वर्षांनी हे कळलं.  राग यायला हवा होता, पण त्यांचा चेहरा इतका पडला होता की राग आला नाही. "म्हणूनच सांगते," मी म्हणाले, "आपल्यातल्या एकानं तरी वेळेवर बोलावं."

सकाळी सात वाजता दोघा प्रतिनिधींसमोर मी कबुलीवर सही केली आणि कुंकवाची हकिकत सांगितली. दुभाष्यानं 'टाकणखार' दोनदा विचारून घेतलं. मला वाटलं होतं, ऐकून दोघं सुटकेचा श्वास टाकतील. कसलं काय!

"फारच सोयीचं आहे," मिसेस व्हिटेकर म्हणाल्या. "रशियाचा बॉम्ब खोटा ठरला आणि नेमकी तुम्हाला पूजा आठवली."

ग्रोमिन उसळले. "म्हणजे मी हिला विकत घेतलं?"

तेवढ्यात बापू उठले. मी त्यांची बाही धरली, पण ती सुटली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत ते म्हणाले, "मॅडम नाही. माझा हात. मी लावलं कुंकू."

पहारेकऱ्यांना आत बोलावून विचारलं, तर दोघांनाही फक्त खोबरं आठवत होतं. व्हिटेकरबाईंनी एकदा माझ्याकडं, एकदा बापूंकडं बघितलं. "दोन कबुल्या," त्या म्हणाल्या. "निदान एक तरी खोटी आहे. आणि एक खोटी असेल तर दुसरीवर मी का विश्वास ठेवू?" त्यांनी कागद गोळा करायला सुरुवात केली.

मनातल्या मनात मी बापूंना काय काय म्हणाले ते इथं लिहिता येणार नाही. जीव लावणारी माणसं कधीकधी असा घात करतात. पण कागद गोळा होत होते, आणि ते एकदा पेटीत गेले की संपलं होतं. मी उठून दाराला पाठ लावून उभी राहिले.

"बाई, बसा," मी म्हणाले. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. बापूंवर तर मुळीच नको. यंत्रावर ठेवा. छाप काढून टाकू, बॉम्ब बाजूला नेऊ. समोर काहीही न ठेवता नुसता न्यूट्रॉनचा झोत फळीवर सोडू. बॉम्बच नाही तर गुपित कुणाचं? पडदा उघडा ठेवू. चित्र सगळे मिळून बघू. फळी निर्दोष असेल तर कोरी दिसेल, मग मी खोटी. तुम्ही खुशाल उठून जा."

"किती वेळ लागेल?" ग्रोमिननी विचारलं.

"सहा तास. मुदत चारला संपते."

व्हिटेकरबाईंनी घड्याळ बघितलं. मग कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. मी दारापासून बाजूला झाले.

झोत सुरू व्हायला साडेआठ झाले. आम्ही चौघं पडद्यासमोर बसलो. पहिले दोन तास नुसते ठिपके होते, चाळणीतून पीठ पडावं तसे. बापू माझ्याकडं बघत नव्हते. ग्रोमिन येरझाऱ्या घालत होते आणि दर पंधरा मिनिटांनी त्यांचा माणूस येऊन कानाशी काही सांगून जात होता. अकराच्या सुमाराला नौका दोन मैल जवळ आल्या.  खार अस्तरात नसलाच तर? लालचं कारण वेगळंच असलं तर? मी शास्त्रज्ञ आहे, हा विचार मला करावाच लागला, आणि पुढचा तासभर मी तो करतच बसले.

बाराला पडद्याच्या मध्यावर काहीतरी फिकट उमटलं. एकला त्याच्या रेघा झाल्या. उभ्या, जरा तिरक्या, वरून खाली ओढलेल्या.

"पाच," व्हिटेकरबाई हळूच म्हणाल्या. मग जागेवरून उठून पडद्याजवळ गेल्या. "ही चौथी उशिरा सुरू होते. बाकीच्यांपेक्षा आखूड का आहे?"

मी उठले आणि उजवा हात पसरून पडद्यावर ठेवला. अंगठ्याखाली अंगठ्याची रेघ, मधल्या बोटाखाली सगळ्यांत लांब रेघ. आणि जिथं माझं बोट संपत होतं तिथून, बरोबर एक पेर खालून, चौथी रेघ सुरू होत होती.

बापूंनी आपले दोन्ही हात बघितले. दहाच्या दहा बोटं शाबूत. ते तोंड झाकून रडायला लागले.

ग्रोमिन जवळ आले आणि माझ्या हाताकडं वाकून बघत त्यांनी विचारलं, "कशात गेलं?"

"लेथमध्ये. चौदा वर्षांची होते."

"माझ्या वडिलांची दोन गेली होती," ते म्हणाले. "ते लेथवर टर्नर होते." त्यांचा घंटेसारखा आवाज एकदम घरातला झाला. व्हिटेकरबाईंनी पेन उघडून कागदावर कारण लिहिलं, शब्द विचारून विचारून, आणि खाली सही केली. मग कागद ग्रोमिनकडं सरकवला. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

नियम तो नियम. तासाभरात मला जहाज सोडायचं होतं. नवं अस्तर बसवायचं, दोन्ही देशांसमोर बॉम्ब न ठेवता चाचण्या घ्यायच्या, छाप पुन्हा भरायचा आणि मग बेचाळिसावा बॉम्ब, हे सगळं माझ्यामागं होणार होतं. दोघा प्रतिनिधींनी मिळून प्रमुखपद बापूंना द्यायचं ठरवलं. बापू म्हणाले, खोटं बोललेल्या माणसाला कसलं पद? व्हिटेकरबाईंनी उत्तर दिलं, "तुम्हाला खोटं बोलताच येत नाही, हे सगळ्यांनी बघितलंय."

शिडीपाशी बापू माझी पिशवी घेऊन आले. करंडा त्यांनी वर ठेवला होता.

"मशीनचं मी कधी बोललो नव्हतो," ते पुटपुटले. "माझ्या हातून गेलं तुझं बोट."

"त्याच बोटानं आज वाचवलं ना? मग फिटलं."

"पुढल्या खंडेनवमीला काय करू?"

"चौकटीला लावा."

"कपाळ सोडून?"

"कपाळ सोडून, बापू. आणि हिरवा लागला तर भोंगा वाजवा. एकदाच, लांब. मला ऐकू येईल तोवर मी या पाण्याकाठून हलणार नाही."

नऊ दिवस मी अमेरिकेच्या बेटावर एका शाळेच्या खोलीत राहिले. परत जायला विमान होतं, मी गेले नाही. तिथल्या बाया सीलच्या चरबीचं काहीतरी खायला द्यायच्या, मी भात मागायचे. रोज सकाळी किनाऱ्यावर जाऊन बसायचे. आईचा फोन आला की म्हणायची, "टाकणखाराशिवाय पण होतं गं कुंकू. आधी सांगायचंस."

दहाव्या दिवशी दुपारी, वारा पडला असताना, भोंगा वाजला. उद्यमनगरात पाळी सुटल्यावर वाजतो तसा, लांब, एकदाच. जहाज राखाडी पाण्यावर तसंच उभं होतं. युद्धनौका नव्हत्या. मी उठून उभी राहिले, पावणेदहा बोटांनी तोंडाभोवती पोकळी केली आणि बापूंना ऐकू जाणार नाही हे माहीत असूनही जिवाच्या आकांतानं ओरडले, "बेचाळीस!"